बाडेन-बाडेन स्टेशन, 1:87 – प्रकल्प नोंदी

5 नोव्हेंबर 2023

बरेच महिने ज्याच्या मागावर होतो ते किट आज हाती आलं. फोलमर कंपनीचं 3560, बाडेन-बाडेनचं जुनं शहर स्टेशन, एचओ स्केल, म्हणजे खऱ्याच्या 1/87 आकाराचं, प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून बनवायचं मॉडेल. श्टुटगार्टजवळच्या एका गावात रविवारी जुन्या मॉडेल रेल्वेचा बाजार भरतो, तिथे टेबलाखालच्या खोक्यात पडलं होतं. विकणारे आजोबा ते वर काढायलाही तयार नव्हते. "कुणीतरी जोडायला घेतलं आणि सोडून दिलं. सगळे भाग असतीलच असं सांगत नाही," म्हणाले. मला असंच हवं होतं.

का, ते इथे लिहून ठेवतो. सीलबंद किटला पुष्कळ जास्त पैसे मोजावे लागतात, आणि जो मोजतो तो बहुधा ते उघडत नाही. उघडलं की भाव उतरतो. अशा संग्राहकांबद्दल मला मनापासून आदर आहे. जुन्या पेट्या, सूचनापत्रकं, कॅटलॉग टिकले ते त्यांच्यामुळे. पण हे स्टेशन ज्यांनी आखलं, ज्यांनी पोलादात उलट्या बाजूने एकेक दगड कोरून साचा केला, त्यांनी ते उभं राहण्यासाठी केलं. आधीच उघडलेलं, अर्ध्यावर राहिलेलं किट पुरं करताना एकही धड पेटी फोडावी लागत नाही. म्हणून मी नेहमी अर्धवट किट शोधतो.

फोलमर इथलीच, 1946 साली श्टुटगार्टमध्ये सुरू झालेली. त्याच वर्षी ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्युटेनबाख गावात फालर बंधूंनी त्यांचा कारखाना काढला. मी राहतो त्या बोब्लिंगेनमध्ये किब्री होती, ती तर 1895 ची. युद्धानंतरच्या जर्मनीत घरोघरी जे रुळांचे टेबल उभे राहिले, त्यांच्यावरची गावं बहुतेक या तीन नावांची. 2014 मध्ये फोलमरचं स्वतःचं काम थांबलं आणि साचे विएसमान या मॉडेल कंपनीकडे गेले. किब्री त्याआधीच तिकडे गेली होती. त्यामुळे यातली काही किट आजही नव्याने मिळतात. पेटीवर चार आकडी क्रमांक असेल तर माल जुना, नंतर ते पाच आकडी झाले.

11 नोव्हेंबर

आज फक्त मांडामांड. जेवणाचं टेबल रिकामं करून जुनी चादर अंथरली आणि सगळं बाहेर काढलं.

पेटीत तळघराचा दमट वास. सूचनापत्रक आहे, घड्यांवर फाटलेलं पण वाचता येतं. मोठ्या किटमध्ये पत्रक हाच खरा खजिना. भाग एक वेळ नव्याने करता येतो, पण कोणती भिंत कोणत्या भिंतीच्या आत बसते हे नुसतं बघून कळत नाही. आधी त्याची पानं स्कॅन केली आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला.

मधला उंच भाग आधीच्या मालकाने जोडला आहे. डावा पंख अर्धा. उजव्या पंखाचे भाग अजून साच्यातून येणाऱ्या प्लॅस्टिकच्या फ्रेमलाच लागून आहेत. छपराची पाखी सुटी, त्यातलं एक वाकलेलं. एक धुराडं, काही खिडक्यांच्या चौकटी आणि कंगोऱ्याचा एक तुकडा गायब. एवढ्या मोठ्या किटच्या मानाने फारच कमी गेलंय.

मधल्या भागाच्या छताला आतून तपकिरी डाग आहे आणि तिथलं प्लॅस्टिक किंचित खचलंय. जुन्या पद्धतीचा 16 व्होल्टचा बल्ब छताच्या फार जवळ लावला होता, हे उघड आहे. छोटा असला तरी तो चांगलाच तापतो.

18 नोव्हेंबर

धुलाई. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ दातघासणी. फ्रेमवरचे भाग फ्रेमसकट धुतले. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या तेलाचा अंश जुन्या भागांवर राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. सिंकच्या भोकावर गाळणी ठेवली होती. पन्हाळीचा नळ आगकाडीएवढा असतो, गेला की गेला.

2 डिसेंबर

आता खरं काम: आधी जोडलेलं सोडवणं.

पॉलिस्टायरीनचे भाग दोन प्रकारांनी चिकटवलेले असतात. मॉडेलसाठीचा खास गोंद म्हणजे मुळात द्रावक. तो दोन्ही कडा विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि सांधा उरतच नाही, सलग प्लॅस्टिक होतं. असा जोड सुटत नाही, कापावा लागतो. दुसरा प्रकार घरातल्या साध्या ट्यूबमधल्या गोंदाचा. तो कडांवर नुसता थर होऊन बसतो आणि वर्षांनी पिवळा पडतो. आधीच्या मालकाने बहुतेक ठिकाणी हाच दुसरा वापरलाय. कोपऱ्याकोपऱ्यांत मधासारखे थेंब दिसतात. इमारतीचं रूप त्याने बिघडलं खरं, पण माझ्यासाठी तीच चांगली बातमी.

असा गोंद थंडीत ठिसूळ होतो. मधला भाग झिपच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला. सकाळी बाहेर काढल्या काढल्या, पाणी सुटायच्या आत, सांध्यात बोथट सुरीचं पातं टेकवून हलकासा पीळ दिला. कडक आवाज करत भिंती एकेक करून मोकळ्या झाल्या. घाई करायची नाही, कारण जुनं पॉलिस्टायरीनही त्याच थंडीत ठिसूळ झालेलं असतं. जिथे सुटेना तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडून वाट पाहिली. दोन सांधे खऱ्या अर्थाने वितळून एकजीव झाले आहेत. ते तसेच राहू देणार. कोन काटकोनात आहे, मग कापायचं कशाला?

10 डिसेंबर

वाकलेलं पाखं सरळ केलं. पॉलिस्टायरीन साधारण 100 अंशांना मऊ पडतं, त्यामुळे उकळत्या पाण्याच्या वाटेला जायचं नाही. सुमारे 60 अंशांच्या पाण्यात काही वेळ ठेवायचं, दोन काचांमध्ये दाबायचं आणि दाबलेलंच थंड होऊ द्यायचं. एका खेपेत सगळा बाक जात नाही. पुन्हा गरम पाणी, पुन्हा काचा. संध्याकाळपर्यंत पाखं टेबलावर सपाट बसलं.

6 जानेवारी 2024

आज बाडेन-बाडेनला जाऊन आलो. इथे सहा जानेवारीला सुटी असते, कार्ल्सरूहमार्गे गेलो.

गाडी आता शहरात जातच नाही. ती ओस या उपनगरात थांबते. मुख्य मार्ग तिथून जातो, आणि त्या स्टेशनालाच 1977 पासून बाडेन-बाडेन म्हणतात. ओसहून शहरात शिरणारा छोटा फाटा 1845 च्या जुलैत सुरू झाला. मुंबई-ठाणे गाडी धावायला अजून आठ वर्षं होती. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी युरोपभरातून येणारी श्रीमंत मंडळी थेट गावात उतरावीत, हा त्यामागचा हिशेब. बाडेन तेव्हा वेगळं राज्य होतं. त्याच्या सरकारी रेल्वेने सुरुवातीला 1600 मिलिमीटरचा रुंद मार्ग घातला होता. शेजारची राज्यं 1435 वर, त्यामुळे सरहद्दीवर गाड्या अडायला लागल्या आणि 1854-55 मध्ये बाडेनला सगळं जाळं उखडून अरुंद करावं लागलं. आपल्याकडे मीटर गेजचं ब्रॉड गेज होताना जे पाहिलं, त्याच्या उलट दिशेने.

मी ज्याचं किट जोडतोय ती इमारत नंतरची, 1890 च्या दशकातली, निओ-रेनेसाँ शैलीची. बोरीबंदरला स्टीव्हन्सचं व्हिक्टोरिया टर्मिनस पूर्ण होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. इथे मधला भाग उंच, त्यात कमानी, दोन्ही बाजूंना पसरलेले पंख. राजवाड्यात शिरतोय असं उतारूला वाटावं अशी रचना. सप्टेंबर 1977 मध्ये शेवटची प्रवासी गाडी सुटली आणि फाटा बंद झाला. इमारत मात्र पाडली नाही. 1998 मध्ये तिच्या मागे व्हिएन्नाचे वास्तुरचनाकार विल्हेल्म होल्त्सबाउअर यांनी आखलेलं 2500 आसनांचं फेस्टश्पीलहाउस हे संगीत-नाट्यगृह उभं राहिलं, आणि जुनं स्टेशन त्याचं प्रवेशदालन झालं. आज तिकीट मिळतं ते गाण्याचं. नाट्यगृहाच्या पत्त्यात अजूनही जुन्या स्टेशनाचा उल्लेख आहे.

मी समोरच्या पदपथावर सूचनापत्रक हातात धरून उभा होतो. एकेक खिडकी, एकेक कंगोरा ताडून पाहिला. फोटो भरपूर काढले, विशेषतः पावसाचं पाणी कुठून ओघळतं, दगड कुठे काळवंडतो, धूळ कुठे साचते याचे. हे कुठल्याही कॅटलॉगच्या चित्रात नसतं आणि मॉडेल खरं वाटायला तेवढंच पुरतं. कंगोऱ्याखाली भिंत स्वच्छ राहते, कारण वरून झाकलेली असते. डाग पडतात ते खिडकीच्या उंबऱ्याच्या दोन टोकांना. हे मनात पक्कं बसवून घेतलं.

परतीच्या गाडीत ठरवून टाकलं: तिसरा कालखंड. मॉडेल रेल्वेवाले जर्मन रेल्वेच्या इतिहासाचे कालखंड पाडतात. तिसरा म्हणजे युद्धानंतरचा, 1949 मध्ये डॉइच बुंडेसबान झाली तिथपासून साधारण 1970 पर्यंतचा. वाफेच्या इंजिनांची काजळी भिंतींवर आहे, पण स्टेशन अजून नांदतं आहे.

20 जानेवारी

नसलेले भाग. बाजारात याच किटची दुसरी तुटकी प्रत शोधत बसता आलं असतं, पण एका मॉडेलसाठी दुसरं मोडायचं मला पटत नाही. म्हणून साचे केले. जे धुराडं आहे त्यावर दोन भागांचं सिलिकोन ओतलं, ते धरल्यावर आतलं धुराडं काढून घेतलं आणि त्या पोकळीत पॉलियुरेथेन रेझिन भरलं. हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच, जानेवारीत कितीही थंडी असली तरी.

कंगोऱ्याचा तुकडाही असाच, उजव्या पंखाच्या कंगोऱ्यावरून. रेझिनला मॉडेलचा द्रावक-गोंद चालत नाही, तिथे सायनोॲक्रिलेट, म्हणजे सुपरग्लू लागतो. रंग दिल्यावर मूळ कोणता आणि नवा कोणता हे बाहेरून कळणार नाही. पण पुढे कुणी हे स्टेशन उघडलं तर कळावं म्हणून नव्या भागांच्या मागे सुईने साल कोरून ठेवलं.

3 फेब्रुवारी

खिडक्यांच्या चौकटींसाठी साचा केला नाही. इतक्या बारीक पट्ट्यांत रेझिन पूर्ण जात नाही, बुडबुडे राहतात. पाव मिलिमीटरच्या स्टायरीन पट्ट्यांतून नव्या जोडल्या. काम किचकट, पण संध्याकाळ छान गेली. मुलीने चिमट्याने पट्ट्या धरल्या. तिचा हात माझ्याहून स्थिर आहे.

17 फेब्रुवारी

रंग. जुनी किट रंगीत प्लॅस्टिकमध्ये ओतलेली असतात, न रंगवता जोडता यावीत म्हणून. लहान मुलांना सोपं जायचं. पण नुसतं ठेवलं तर उजेड त्या चकाकीवरून परावर्तित होतो आणि दगड दगडासारखा दिसत नाही. थोडं अर्धपारदर्शकही असतं, आत दिवा लावला की अख्खी भिंत कंदिलासारखी पेटते. म्हणून आधी सगळ्या भिंतींना आतून मॅट काळा, त्यावर पांढरा. खोल्यांना उजेड मिळतो, भिंतीतून मात्र गळत नाही.

बाहेरून दगडाचा मूळ रंग पुसायचा नव्हता. प्लॅस्टिकचा तो विशिष्ट उबदार फिकट पिवळा मला जपायचा आहे, तो या किटचा स्वभाव आहे. आधी पातळ मॅट वार्निश. मग करड्या-तपकिरी ॲक्रिलिकमध्ये भरपूर पाणी आणि साबणाचा थेंब, म्हणजे द्रव दगडांमधल्या फटींत आपोआप ओढला जातो. लगेच ओल्या स्पंजने वरचं टिपून घ्यायचं. फटींत रंग राहतो, दगडाचा माथा स्वच्छ होतो. साचा कोरणाऱ्याने किती नेमकं काम केलं होतं ते या क्षणी दिसतं. आतापर्यंत सपाट वाटणाऱ्या भिंतीवर दगडांच्या ओळी उमटल्या.

2 मार्च

भिंती उभ्या. सगळ्यात आधी गोंद न लावता पूर्ण रचून पाहिलं. लांब इमारतीत एका कोपऱ्यात केसभर फरक राहिला तर दुसऱ्या टोकाला छप्पर बसत नाही. सुताराचा छोटा गुण्या प्रत्येक कोपऱ्याला. मग द्रावक-गोंद सुईच्या टोकाने आतल्या बाजूने, कमीत कमी. एका दिवशी फक्त मधला भाग. पंख उद्या.

10 मार्च

पंख झाले.

23 मार्च

दिवे. आधीच्या मालकाचा तो तपकिरी डाग अजून डोळ्यांसमोर आहे, त्यामुळे एलईडी. उबदार पिवळसर प्रकाशाच्या घेतल्या, पांढऱ्याफटक नकोतच. 1950 च्या दशकातल्या प्रतीक्षालयात तसा उजेड नव्हता. 12 व्होल्टच्या डीसी पुरवठ्यावर तीन-तीन एलईडी एकामागे एक. प्रत्येकी सुमारे 3 व्होल्ट धरले तर 9 जातात, 3 उरतात. 680 ओहमचा रेझिस्टर लावला की साडेचार मिलिअँपिअरच्या आत वीज वाहते. एलईडी त्याहून कितीतरी जास्त पेलते, पण मंद उजेडच खरा वाटतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या 16 व्होल्ट एसीवर त्या थेट जोडायच्या नाहीत. 16 म्हणजे शिखराला साडेबावीसच्या वर, आणि उलट दिशेचा दाब एलईडीला सोसत नाही.

सगळ्या खोल्यांत दिवे लावले नाहीत. रात्री नऊला स्टेशनात कुठे उजेड असेल याचा विचार केला: तिकीट खिडकी, प्रतीक्षालय, स्टेशनमास्तरांची खोली, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या घरातली एकच खिडकी. मध्ये कार्डबोर्डच्या भिंती घातल्या, म्हणजे उजेड एका खोलीतून दुसरीत शिरत नाही.

6 एप्रिल

छप्पर चढवलं. पाखी बसली. वाकलेलं होतं तेही. मधल्या भागाचं छत गोंद न लावता नुसतं ठेवलंय. दिवा गेला तर आत हात घालता यायला हवा. खचलेली जागा आतून स्टायरीनच्या पट्टीने भक्कम केली, वरून पुटी लावून पॉलिश पेपर मारला.

14 एप्रिल

पुण्यातल्या काकांना फोटो पाठवले. ते मध्य रेल्वेतून निवृत्त झालेत. मला या छंदाचं वेड लागलं तेही त्यांच्यामुळे. कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात मला पहिल्यांदा तेच घेऊन गेले होते. त्यांचा लगेच फोन: "अरे, इमारत फर्मास झालीये, पण फलाट एवढा बुटका का? माणसं गाडीत चढणार कशी?"

प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तर इथेही लिहितो. आपल्याकडचा उंच फलाट रुळापासून 760 ते 840 मिलिमीटर असतो. जुन्या जर्मन फलाटांची एक नेहमीची उंची 380 मिलिमीटर, डब्याला पायऱ्या असत. 87 ने भागलं तर आपला फलाट मॉडेलमध्ये साधारण पावणेनऊ ते साडेनऊ मिलिमीटर होईल, जर्मन साडेचारच्याही आत. मॉडेलवर हा फरक लगेच डोळ्यांत भरतो. आपलं स्टेशन भिंतीसारखं उभं राहतं, इथलं जमिनीला धरून पसरतं. काका म्हणाले, "मग लोणावळा केलंस तर फलाट तू स्वतः बनवायचा, जर्मन फलाट लावलास तर मी ओळखेन." वचन दिलं.

28 एप्रिल

माणसं. एचओ स्केलमध्ये पावणेसहा फुटी माणूस दोन सेंटिमीटर. प्रायझर कंपनीच्या बिनरंगाच्या आकृत्या घेऊन मुलगी आणि मी रंगवल्या. गर्दी केली नाही. तिने एका बाईला हिरवा कोट आणि तीन बॅगा दिल्या. ही झऱ्यांसाठी आलीये, महिनाभर राहणार, असं तिचं म्हणणं. हमाल तिच्या मागे हवा, म्हणून एकाला गणवेश चढवला.

11 मे

बाडेन-बाडेन हे टोकाचं स्टेशन होतं, तिथून पुढे रूळ नव्हते. अनेक जण हे किट चालू मार्गावर, मधलं स्टेशन म्हणून लावतात आणि तसं ते शोभतंही. माझ्याकडे जागा एका फळीपुरती आहे, म्हणून रूळ इथेच थांबणार, टोकाला बफर. मुंबईकरांना हे समजावून सांगायला नको: चर्चगेट, सीएसएमटी, गाडी आत येते आणि तोंड फिरवून जाते. अशा स्टेशनावर इंजिनाची सुटका कशी करायची हाच खेळ असतो, आणि आडव्या छोट्या फळीवर तोच सगळ्यात रंगतदार. एक बाजूचा रूळ, दोन सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या जागा. आलेलं इंजिन सुटतं, बाजूने पुढे जातं, दुसऱ्या टोकाला लागतं.

प्लायवूडच्या फळीवर खुणा केल्या. रुळांची रुंदी 16.5 मिलिमीटर, 1435 ला 87 ने भागलं की तेवढीच येते.

25 मे

स्टेशन फळीवर बसलं. खाली चिकटवलेलं नाही, चार पिनांवर आहे, म्हणजे घर बदलताना उचलता येईल.

राहिलेलं: पन्हाळीच्या दोन नळांना खालचे बाक लावायचे, दर्शनी घड्याळाला काटे, बाजूच्या रुळाचा दुसरा सांधा अजून वीज नीट पोचवत नाही तो तपासायचा, आणि फलाटाच्या कडेला पांढरा पट्टा. फलाटावरचं आच्छादन या पेटीत नव्हतं. जुन्या लोखंडी खांबांचं, त्याच काळातलं कुणाकडे अर्धवट पडलेलं असेल तर जूनमधल्या बाजारात शोधणार आहे.